चारशे बारावी फाइल

आप्पांचा आजार सगळ्या दवाखान्यात मला सर्वांत शेवटी कळला, आणि तशी सोय मी स्वतःच करून ठेवली होती. बोट कुणाकडे दाखवायचं म्हटलं तरी ते फिरून फिरून माझ्याकडेच येतं. राघवेंद्र सरांना मी त्या दिवशी नको नको ते बोलले. ते बिचारे माझाच नियम पाळत होते.

मी अदिती देसूरकर. बेळगावातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात, रेकॉर्ड विभागात कॉम्प्युटरचं काम बघते. पिरनवाडीला दोन भाड्याच्या खोल्यांत एकटी राहते. आई जाऊन सहा वर्षं झाली. आप्पा खानापूरच्या घरी असायचे. तालुका कचेरीत त्यांनी तीस वर्षं कारकुनी केली, त्यातली वीस तरी जमिनीच्या उताऱ्यांच्या कपाटापाशी गेली. भावाभावांची भांडणं, वाटण्या, कोर्टं, सगळं त्या कपाटात असायचं. घरी येऊन कुणाच्या कागदाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. आई चिडायची. शेजारच्यांच्या जमिनीचं काय झालं एवढं तरी सांगा म्हणायची. आप्पा म्हणायचे, "ज्याचा कागद हाय त्येला इचार."

तीन वर्षांपूर्वी आमच्या दवाखान्याची सगळी कागदपत्रं कॉम्प्युटरवर चढवली आणि प्रत्येकाच्या पडद्यावर सर्चची एक चौकट दिली. नाव टाका, गाव टाका, फाइल समोर. सगळे खूश. इतके खूश की डॉक्टरांपासून लिफ्टवाल्यापर्यंत ज्याला त्याला सगळ्यांचं सगळं दिसायला लागलं. आणि दिसतंय म्हटल्यावर आमच्याकडची माणसं बघितल्याशिवाय राहतात होय? कुठं स्थळ आलं की पत्रिकेच्या आधी दवाखान्यात फोन. "आक्का, तेवढं पोराचं काय हाय बघ की गं आत." आक्काही बघून सांगायच्या. यात कुणाला पाप वाटत नव्हतं. आपलं माणूस दवाखान्यात नोकरीला असून उपयोग काय, असा सगळा हिशेब.

मग निपाणीच्या एका मुलाचं ठरलेलं लग्न मोडलं. लहानपणी तापात झटके आले म्हणून तो चार दिवस आमच्याकडे होता, एवढंच. पण ते चार दिवस कुणीतरी सर्चमधून काढून मुलीच्या मामाला सांगितले. मुलाकडचे दोन जीपा भरून गेटवर आले. ट्रस्टींना घाम फुटला आणि काम माझ्या गळ्यात पडलं. मला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं, अजून कायम व्हायची होते.

काम सांगायला सोपं आहे. डॉक्टरांचा एक ग्रुप, नर्सचा एक, लॅबचा एक, आमचा रेकॉर्डवाल्यांचा एक. कुठली फाइल कुठल्या ग्रुपानं बघायची आणि किती बघायची, हे त्या फाइलवरच लिहायचं. सर्च आधी सगळं शोधतो, मग विचारणारा कोण, कुठल्या ग्रुपातला, हे बघतो आणि त्याचं नसेल ते गाळून टाकतो. आमच्या ग्रुपाला फाइलचं पहिलं पान तेवढं दिसणार: नाव, वय, गाव, तारीख, विभाग आणि जोडलेले अर्ज. आजाराची पानं डॉक्टरांची.

मीटिंगमध्ये एक वाद झाला आणि तो मी जिंकला. एका ट्रस्टींचं म्हणणं, ज्याला फाइल बघायचा हक्क नाही त्याला तसं लिहून दाखवावं, 'तुम्हाला परवानगी नाही' म्हणून. मी उठून उभी राहिले. म्हटलं, "सर, उद्या एखाद्या बाईचं नाव टाकलं आणि परवानगी नाही असं आलं, की काहीतरी आहे हे गावभर झालंच. ज्याला दाखवायचं नाही त्याच्यासाठी ती फाइल नाहीच, असं पाहिजे." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी जागेवर बसले तेव्हा माझी मान चांगलीच ताठ होती.

दुसरी गोष्टही माझीच, नातेवाईक अर्ज. रुग्णाचं एखादं नात्यातलं माणूस आमच्याकडेच नोकरीला असेल, आणि रुग्णाला ते त्या माणसाला कळू द्यायचं नसेल, तर त्यानं एका कागदावर नाव लिहून द्यायचं. मग ग्रुपातल्या बाकी सगळ्यांना ती फाइल दिसेल, त्या एकालाच नाही. ग्रुपानं दिलेला हक्क नावानं काढून घ्यायचा. आणि ज्यांना दिसते त्यांनी त्या माणसाला अवाक्षर बोलायचं नाही, बोलला तर नोकरी गेली. त्यावर मी सगळ्या विभागाच्या सह्या घेतल्या. पहिली राघवेंद्र सरांची, ते आमच्या विभागाचे प्रमुख.

सही करताना त्यांनीच विचारलं होतं, "मॅडम, हा अर्ज किती दिवस? पेशंटनं सही करून मागं घेतला तर संपला. आणि पेशंटच गेला तर? घरच्यांना कागद लागतातच की."

मी लगेच एक ओळ वाढवली. 'हा अर्ज रुग्ण हयात असेपर्यंत लागू राहील.' मृत्यूची नोंद पडली की कॉम्प्युटर तो अर्ज आपोआप बंद करणार आणि फाइल त्या नातेवाइकाला दिसायला लागणार. पाच मिनिटांचं काम होतं ते.

संक्रांतीला खानापूरला गेले होते, तेव्हा हे सगळं आप्पांना रंगवून सांगितलं. सांगायला दुसरं कोण होतं मला? ते भाकरी मोडत ऐकत होते.

"म्हंजे त्या माणसाला काय बी दिसत न्हाय?" त्यांनी विचारलं.

"काय बी न्हाय. त्यानं नाव टाकलं, गाव टाकलं, उलटा लटकला तरी न्हाय."

"आणि तुला? तू केलंईस न्हवं ते?"

"माझं नाव अर्जात घातलं तर मलाबी न्हाय, आप्पा. तसंच बांधलंय."

"असं व्हय," ते म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा ताटातच ठेवून हात धुवायला उठले. पोट बरं नाही म्हणाले. मला वाटलं, तिळाचे लाडू जास्त झाले असतील. मी चेष्टाही केली त्यावरून.

फेब्रुवारीच्या एक तारखेला फिल्टर सुरू झाला. आणि फेब्रुवारीतच आप्पांचं दर गुरुवारी बेळगावला येणं सुरू झालं. सकाळच्या गाडीनं यायचे. शहापुरात परशरामकाकांकडे जातो म्हणायचे. परशरामकाका म्हणजे त्यांचे शाळेपासूनचे मित्र, घरात दोन माग, साड्या विणतात. दोघं म्हातारे मागाच्या खटखटाटात बसून काय बोलतात ते देव जाणे, असं मला वाटायचं. चार वाजता आप्पा आमच्या दवाखान्याच्या गेटपाशी येऊन कट्ट्यावर बसायचे आणि मला फोन करायचे. मी खाली जायची, ते पिशवी द्यायचे. कधी तांदळाच्या कण्या, कधी कुळीथ, मार्चमध्ये ओले काजू, एप्रिलमध्ये करवंदं. आत या, चहा घ्या म्हटलं की म्हणायचे, "नगं, मला वास सोसत न्हाय दवाखान्याचा."

त्या वेळेपर्यंत पाच तास ते आतच असायचे. मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, हाताला सलाईन लावून. माझ्या खिडकीतून त्या इमारतीचा जिना दिसतो.

वाळायला लागले होते. मी विचारलं, तर दाढा काढल्यात, चावता येत नाही म्हणाले. डोक्यावर टोपी पहिल्यापासूनच, त्यामुळे केसांचं काही कळलं नाही. एकदा हाताच्या मागं कापसाचा बोळा चिकटवलेला दिसला. "शुगर बघितली," म्हणाले. मी कॉम्प्युटरवर हजारो ओळींतली एक चूक शोधून काढणारी बाई, पण त्या बोळ्याकडे बघून मी म्हटलं, "बरं केलंत," आणि पिशवी घेऊन वर गेले. गुरुवारी आमची आठवड्याची मीटिंग असायची ना. मला घाई असायची.

मार्चच्या सुरुवातीला मला एक दोष सापडला. फिल्टर नीट चाललाय का बघायला मी एक ठरलेला शोध टाकायची: फेब्रुवारीत उघडलेल्या सगळ्या नव्या फाइली. वर आकडा यायचा, '४१२ सापडल्या'. खाली यादी मोजली तर ४११. परत मोजली, तरी ४११. मला वाटलं, एखादी फाइल कुठं गळाली. आधी ते डोक्यात गेलं, मग झोपेत गेलं. तीन दिवस मी त्या एका फाइलीच्या मागं होते. चौथ्या दिवशी राघवेंद्र सरांच्या खुर्चीत बसून, त्यांच्या नावानं तोच शोध टाकला. वर ४१२, आणि खालची यादीही ४१२.

मग उजेड पडला. यादी गाळून येत होती, पण आकडा गाळायच्या आधीच मोजला जात होता. म्हणजे दोष आकड्यात होता, फाइल कुठंही गेली नव्हती. ती फक्त मला दिसत नव्हती. आमच्या ग्रुपात आठ माणसं, त्यातल्या माझ्या एकटीपासून कुणीतरी ती नावानं लपवली होती.

मी यादी खाली सरकवायला हात पुढं केला, तोच सरांनी मागून वाकून पडदा बंद केला. त्यांना इतकं चपळ मी कधी पाहिलं नव्हतं.

"सर, कोण आहे?"

"मॅडम, आकडा तेवढा सरळ करा. बाकी सोडा."

"माझ्या नात्यातलं आहे ना कुणीतरी?"

सर चष्मा काढून पुसत बसले. मला राग आला, मग माझ्या रागाचंच हसू आलं. तो नियम लिहिला कुणी होता? त्यांच्याकडून सही घेतली कुणी होती?

जागेवर येऊन मी विचार केला आणि दहा मिनिटांत माझं मी उत्तर काढलं. निपाणीची बेबी. माझ्या आत्याची सून. लग्नाला सात वर्षं झाली, मूल नाही, सासरची कटकट. फेब्रुवारीतच तिचा फोन आला होता, तुमच्याकडे बायकांच्या डॉक्टर कशा आहेत म्हणून. तीच असणार. आत्याला माझ्याकडून कळेल म्हणून घाबरली असेल बिचारी. मला तिची दया आली आणि खरं सांगते, स्वतःचं कौतुकही वाटलं. तिनं अर्ज केला, फिल्टरनं लपवलं, आणि समजूनही मी बघत नाहीये. मुख्य खात्याचा पासवर्ड माझ्याकडेच होता. एका मिनिटात काढलं असतं, पण नाही काढलं.

त्या गुरुवारी गेटवर मी आप्पांना सांगितलंसुद्धा. नाव न घेता, पण सांगितलंच.

"आप्पा, आपल्यातलंच कुणीतरी हाय बघा आमच्या दवाखान्यात. माझ्यापासनं लपवलंय."

ते पिशवीच्या नाड्या सोडत होते, ते थांबले. "तू बघितलंस?"

"न्हाय. बघणार बी न्हाय."

"मग कसं कळालं?"

"आकडा चुकला. वर एक जास्त दाखवतोय."

आप्पांनी थोडा वेळ रस्त्याकडे बघितलं. रिक्षा जात होत्या, कॉलेजची पोरं जात होती. मग म्हणाले, "बघू नगंस, बाळ. सांगायचं तवा सांगतील. ज्याचा कागद हाय त्येला लपवायचाबी हक्क हाय." आणि जरा थांबून, "तो आकडा नीट करून टाक. दुसऱ्या कुणाला असंच कळंल."

"करतोय की," मी म्हटलं. आमच्याकडे बायकाही असंच बोलतात, घरच्या माणसांशी तरी.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. गेटवर, येणाऱ्या जाणाऱ्यांसमोर. मी छत्तीस वर्षांची बाई, गळ्यात दवाखान्याचं ओळखपत्र. मी म्हटलं, "काय हो आप्पा," आणि डोकं मागं घेतलं.

आकडा मी दोन दिवसांत नीट केला. आता वरही ४११ आणि खालीही ४११. एक फाइल माझ्यापुरती जगात नव्हती आणि तिचा माग काढायची फटही मी लिंपून टाकली. ट्रस्टींनी शाबासकी दिली. एप्रिलमध्ये मला कायम झाल्याचं पत्र मिळालं. आप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "झालं बघ एक काम." आवाज ओला होता. मी हसले. म्हटलं, "रडताय काय म्हाताऱ्यासारखं!"

रोज सकाळी आल्या आल्या तो एक शोध टाकायची सवय मात्र मला लागली. फिल्टर ठीक चाललाय ना, एवढंच बघायचं. ४११ आले की सगळं ठीक. मग चहा. देवाला हात जोडावेत तशी मी ते ४११ बघायची आणि दिवस सुरू करायची.

मेच्या दुसऱ्या गुरुवारी आप्पा फणसाचे गरे घेऊन आले. त्या दिवशी कट्ट्यावरून उठताना त्यांना दोनदा टेकावं लागलं. मला वरून फोनवर फोन येत होते. मी वैतागलेली. आणि मी म्हटलं, "दर गुरुवारी एवढ्या लांबनं यायलाच पायजे काय, आप्पा? ऊन किती हाय! पिशवीसाठी कशाला जीव काढायचा? फोन करत जा की."

"पिशवीसाठी न्हाय येत गं," ते म्हणाले.

"मग कशासाठी?"

"शहापुरात काम असतंय न्हवं," ते म्हणाले. मी बरं म्हटलं आणि पळाले.

पुढच्या गुरुवारी चार वाजता फोन आला नाही. मी तरीही खाली गेले. कट्टा रिकामा होता. दहा मिनिटं थांबले. दोनदा फोन लावला, उचलला नाही. रुसले असतील, मी बोलले म्हणून. रविवारी खानापूरला जाऊन समजूत काढू, येताना त्यांच्या आवडीचा कुंदा नेऊ, असं मनाशी ठरवलं आणि वर गेले. तेव्हा ते मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर होते. परशरामकाका त्यांच्या उशाशी होते आणि आप्पांचा फोन काकांच्या खिशात वाजत होता.

शुक्रवारी सकाळी पावणेनऊला मी जागेवर बसले. नेहमीचा शोध टाकला.

४१२.

माझं पहिलं मनात आलं ते हे: फिल्टर फुटला. लाज वाटते सांगायला, पण तेच आलं. लपवलेली फाइल बाहेर पडली, आता बेबीचं कसं होणार, ट्रस्टी काय म्हणतील. सरांना हाक मारली, ते जागेवर नव्हते. मग मी जुनी ४११ ची यादी आणि आजची यादी शेजारी लावली आणि जास्तीची ओळ काढली.

हरिभाऊ भरमू देसूरकर. वय ६९. खानापूर. कर्करोग विभाग, डे-केअर.

मी ती ओळ दोनदा वाचली. खानापुरात दुसरा कुणी हरिभाऊ देसूरकर असेल, असंही एकदा मनात आणून बघितलं. मग पहिलं पान उघडलं. जवळचं माणूस म्हणून परशरामकाकांचं नाव, शहापूरचा पत्ता. पानाला जोडलेला एकच कागद होता, नातेवाईक अर्ज. छापील मजकूर कन्नडमध्ये, पण भरलेलं सगळं मराठीत. उताऱ्यावरचं ते उजवीकडे कललेलं कारकुनी अक्षर मी लहानपणापासून ओळखते. माझ्या पहिलीच्या वहीवर नाव त्याच अक्षरात घातलेलं होतं.

कर्मचाऱ्याचे नाव: अदिती. नाते: लेक.

कारण: आईच्या दुखण्यात पुण्याची नोकरी सोडून आली. दोन वर्षे उशाशी बसली. तिचे सगळे मागे पडले. आता इथे बस्तान बसते आहे, ते परत मोडू नये. दर गुरुवारी इथे आलो की गेटवर तिला बघून जाईन. तेवढे मला पुरे.

खाली कॉम्प्युटरनं टाकलेली ओळ होती. अर्ज बंद, आज, सकाळी ६.४०.

अर्ज बंद व्हायला दोनच वाटा मी ठेवल्या होत्या. त्यातली पहिली, रुग्णानं सही करून मागं घेणं. मी त्या सहीच्या चौकटीकडे धावले म्हटलं तरी चालेल, बसल्या जागेवरून धावले. आप्पांना बरं वाटलं असेल, आता सांगू या म्हटलं असेल, काल येता आलं नाही म्हणून आज सही करून टाकली असेल. चौकट रिकामी होती. पान वर नेलं, खाली नेलं. ती रिकामीच होती.

तेवढ्यात दारात राघवेंद्र सर आले. त्यांच्यामागं परशरामकाका, टोपी हातात. सरांनी माझ्या पडद्याकडे बघितलं आणि तिथंच भिंतीला टेकले. मला सांगायला ते धावत जिने चढून आले होते. पण मी बांधलेलं यंत्र त्यांच्या आधी पोचलं होतं.

मी ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. "तीन महिने! तीन महिने रोज माझ्यासमोर बसून चहा प्यालात तुम्ही!" एवढं आठवतं. सरांच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "मॅडम, मी त्यांना दर गुरुवारी सांगत होतो, लेकीला सांगा म्हणून. ते म्हणत होते, माझ्या लेकीचा नियम हाय, तू मोडायचा न्हाय." हे त्यांनी आप्पांच्या बोलीत, आप्पांच्या आवाजात सांगितलं आणि मला पुढं ओरडता आलं नाही.

काका म्हणाले, "रात्री लई इचारलं मी, बलवू काय पोरीला. तर हात धरला माझा. सकाळी बलवू म्हणाला. आता ती झोपली असंल."

नंतरचं सगळं रीतीप्रमाणे झालं. आप्पांना खानापूरला नेलं. दिवस झाले. आत्या आली, बेबीही आली. तिनं गळ्यात पडून विचारलं, तुला कसं कळलं नाही गं, तू तर तिथंच असतेस. मी काय सांगणार होते? मला तिचा संशय आला होता, हे तरी कुठल्या तोंडानं सांगायचं?

घरी बसून मी ते गुरुवार मोजले. चौदा. प्रत्येकी फार तर दोन मिनिटं. सगळे मिळून अर्धा तासही होत नाही. त्यात ऊन किती आहे हे बोललो, काजू किती महाग झाले हे बोललो. एकदा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि मी डोकं मागं घेतलं. तेवढे मला पुरे, असं त्यांनी लिहिलं होतं. त्यांना पुरलं असेल, आप्पांना थोडक्यात भागवायची सवयच होती. मला नाही पुरलं. आईच्या उशाशी बसलेली ती दोन वर्षं मागं पडलेली होती, असं त्यांना कुणी सांगितलं? माझ्या आयुष्यात मी धड केलेलं तेवढंच एक काम आहे. ते त्यांना एकदा सांगायला हवं होतं.

आणि ते ४११. रोज सकाळी चहाच्या आधी मी बघायची ते. यादीत एक फाइल कमी आहे, म्हणजे आप्पा आहेत, एवढाच त्याचा अर्थ होता. रोज सकाळी दवाखाना मला सांगत होता की तुझे आप्पा जिवंत आहेत, आणि मी म्हणत होते, चला, फिल्टर ठीक आहे.

नोकरी सोडलेली नाही. सोडावी असं रोज वाटतं, पण कारणाच्या रकान्यातलं ते अक्षर आठवतं आणि मी पुन्हा बस पकडते. नातेवाईक अर्जही तसाच चालू आहे. ट्रस्टींनी विचारलं, काढून टाकायचा का. मी नको म्हटलं. परवाच एक म्हातारी आली होती, तिची सून आमच्या लॅबमध्ये आहे. मी तिला म्हटलं, "आजी, एकदा सुनेशी बोलून बघा." ती म्हणाली, नगं गं बाई, पोरगी काळजी करंल. मी अर्ज पुढं केला. कागद तिचा होता.

चारनंतर मी गेटवरच्या कट्ट्याकडे बघत नाही. पण सकाळची सवय काही सुटत नाही. आल्या आल्या तोच शोध टाकते, फेब्रुवारीच्या नव्या फाइली. वर ४१२ येतात, खाली ४१२ येतात. आता माझ्यापासून काही लपवलेलं नाही.